माझा जुना ईसीएम

माझ्या व्हॅनचा जुना ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मला अजून परत मिळालेला नाही. चार पावसाळे उलटले, तरी त्या गॅरेजसमोरून जाताना पोटात कालवतं.

गाडी २००६ सालची, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. इंजिन पुढच्या सीटखाली. चिपळूणहून आंब्या-काजूची कलमं भरायची आणि कराडला आणायची, हा माझा धंदा. त्या जुलैत कुंभार्ली घाट चढताना ती मिसिंग मारायला लागली, चेक लाइट पेटला आणि वळणावर बंद पडली. अर्ध्या तासानं आपोआप चालू. असं तीनदा झालं.

गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, कॉइल बदललं, क्रँक सेन्सर बदलला. मग म्हणाला, "दादा, कॉम्प्युटर गेलाय." दुसऱ्या गाडीचा काढलेला ईसीएम बसवायचे साडेचौदा हजार घेतले. तीन दिवस गाडी मस्त पळाली. चौथ्या दिवशी तोच घाट, धो धो पाऊस आणि मागे वेंगुर्ला-४ काजूची ऐंशी कलमं.

मी जुना ईसीएम मागितला. आधी म्हणाला, स्क्रॅपमध्ये गेला. पुढच्या खेपेला, "पोरानं कुठं ठेवलाय बघतो." तिसऱ्यांदा, "जळका डबा नेऊन काय करणार?" जळका होता तर दाखवायला काय हरकत होती? माझ्या गाडीतून निघालेली वस्तू माझी. पैसे देण्याआधी जुना पार्ट हातात घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

दोष सापडला तो पाटणच्या एका म्हाताऱ्या वायरमनला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी किल्ली फिरवली आणि कान दिला. पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणला, चेक लाइटही लागला. "कॉम्प्युटरला सप्लाय येतोय," ते म्हणाले. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवली आणि मला स्टार्टर मारायला लावला. काटा १.९ व्होल्टवर गेला. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हणायचा. इंजिनच्या अर्थची वायर त्यांनी सोडवली, तर बाहेरून काळी-कुळकुळीत आणि आत तांब्यावर हिरवी बुरशी चढलेली. अर्थ डळमळला की सेन्सरचे आकडे चुकतात, आणि ईसीएम त्याच आकड्यांवरून ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. घाटात लोड आला, वायपर-दिवे चालू, इंजिन हललं की वायरचा संबंध तुटायचा. ईसीएम बदलताना पोरांनी बॅटरीची टर्मिनलं काढून घासली, त्या हलवाहलवीत वायर जराशी बसली असणार. म्हणून ते तीन दिवस.

चेक लाइट पेटला की गॅरेजात लावतात तो स्कॅनर दोष कुठल्या सर्किटमध्ये दिसला एवढंच सांगतो. पार्ट बदला असं तो म्हणत नाही, ते माणूस म्हणतो. चाचांनी नव्या वायरचे आणि मजुरीचे मिळून साडेतीनशे घेतले.

आणि तरीही, त्या चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला फोन केला तेव्हा कराडहून जीप घेऊन घाटात आला तो हाच गॅरेजवाला. पावसात उभं राहून त्यानं दोरी बांधली, हेळवाकपर्यंत ओढत आणलं, कलमं स्वतःच्या ताडपत्रीखाली झाकली, आणि डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. ऑइल बदलायला मी अजून त्याच्याकडेच जातो. गेल्या महिन्यात पुन्हा ईसीएमचं विचारलं. तो मान खाली घालून पाना पुसत राहिला.