दर्याकडची पाणंद

आमच्या घराला लागून एक पाणंद जाते. एका अंगाला आमचा गडगा, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा, आणि मध्ये एवढीच जागा, की डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने अंग चोरायचं. ती मोठ्या रस्त्यावरून निघते, माडांच्या आगरांतून वळत वळत सुरूच्या झाडांपाशी येते. तिथे गडगे संपतात, मर्यादवेल सुरू होते, आणि पुढे पुळण. मालवण तालुक्यातला तारकर्ली-देवबागचा पट्टा ज्यांनी पाहिलाय, त्यांना जागा लगेच उमगेल. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. अशा जमिनीवर मोठा रस्ता एकच असतो, उभा. आडव्या सगळ्या पाणंदी. गावाचा समुद्राशी जो काही व्यवहार व्हायचा, तो या आडव्या वाटांनी.

ही पाणंद कोणाच्या मालकीची, हे माझ्या लहानपणी कोणी विचारलं नाही. आमच्या आजोबांनी गडगा घातला तो म्हणे दोन हात आत घेऊन घातला. एवढी जागा कशाला सोडली म्हणून कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, "मगे गणपती खयसून जातलो?" विषय संपला. गौरी-गणपती त्याच वाटेने जात, नारळी पौर्णिमेचा नारळ त्याच वाटेने जाई, आणि भल्या पहाटे त्याच वाटेने कोणीतरी पोर धावत येऊन ओरडे, "रापण लागली!"

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. होडीतून भलं मोठं जाळं अर्धगोल टाकत समुद्रात न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढायचे. समुद्राकडे तोंड, टाचा वाळूत रुतवायच्या, आणि एकेक पाऊल मागे. सर्वांत मागचा माणूस वरपर्यंत पोचला की दोर सोडतो आणि पुन्हा पाण्याजवळ जाऊन पुढे लागतो. दोर ओला, खारा, काथ्याचा, तळहात सोलवटून काढणारा. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात, आणि शेवटी जाळ्याचा झोळ वाळूवर येतो तेव्हा तारल्या आणि पेडवे असे काही उसळतात, की जवळ उभं राहणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडतं. रापण गाबितांची. रापणकरांचे वाटे ठरलेले. पण ज्याने दोराला हात लावला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा रिवाज. आम्ही शेतीवाले, तरी शाळेआधी जाऊन ओढायचो आणि सदऱ्याच्या ओच्यात मासळी घेऊन पाणंदीने घरी पळायचो. सदऱ्याला वास येई म्हणून आईचा मार, आणि मासळी आणली म्हणून तिचंच कौतुक, दोन्ही एकदमच मिळे.

मग मीही इतरांसारखा मुंबईला गेलो. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला त्याच सुमाराला. म्हणजे जिल्हा आला आणि मी गेलो. त्यानंतरची कित्येक वर्षं मी चाकरमानी. मे महिन्यात आणि गणपतीत रातराणीने यायचं, बॅगा पडवीत टाकायच्या आणि चहाही न घेता पाणंदीने खाली जायचं. बरोबर गिरगावातले, डोंबिवलीतले मावसभाऊ, मामेभाऊ, टेपरेकॉर्डर, रंगीत टॉवेल. वाटेत भेटणारी शेजारची काकी दर वर्षी तेच सांगे, "पावण्यांनू, सुकतीक पाण्यात जाव नकात." आम्ही हसायचो. गाववाले आमच्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर पुढे इतरांच्या वाट्याला आली. कोकणातले पहिले पर्यटक म्हणजे आम्ही चाकरमानी, हे लिहून ठेवायला हरकत नाही. फक्त आम्हाला खोलीचं भाडं पडत नव्हतं.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. 'येवा कोकण आपलोच असा' हे वाक्य भिंती-भिंतींवर दिसायला लागलं. निवास-न्याहारी योजनेची माहिती घरोघरी पोचली. माझ्या भावाने मागच्या पडवीच्या दोन खोल्या केल्या, संडास-न्हाणीघर जोडलं. वहिनीच्या हाताच्या सोलकढीला आणि बांगड्याच्या तिरफळातल्या कालवणाला पैसे पडतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिच्या नावाचं बँकेतलं पहिलं खातं या खोल्यांनी उघडलं. ज्यांची रापण पर्ससीन नौकांनी मोडीत काढत आणली होती, त्यांतले कित्येक तरुण होडीवर लाइफ जॅकेट टांगून डॉल्फिन दाखवायला जाऊ लागले, कोणी किल्ल्याजवळ स्कूबाला, कोणी कर्लीच्या मुखाशी त्सुनामी आयलंडला. पर्यटन नको असं आमच्या गावात राहणारा माणूस सहसा म्हणत नाही. ते म्हणतात मुंबईत बसलेले आमचेच भाऊबंद, आणि म्हणतात तेही मेच्या बुकिंगची चौकशी करता करता.

तरीही खटके उडाले, आणि अजून उडतात. पाहुण्यांना ताजी सुरमई हवी, पण पुळणीवर गोलमो वाळत घातला की वासाची तक्रार येते. मासे जिथून येतात तिथे मासळीचा वास यायचाच, हे वहिनी फार नम्रपणे सांगते. मी असतो तर इतक्या नम्रपणे सांगितलं नसतं. कोणी गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत बाटल्या खोचून जातं. कोणाचा ड्रोन खळ्यात केस वाळवत बसलेल्या बाईच्या डोक्यावर येऊन थांबतो. रात्री दोनपर्यंत डीजे, आणि शेजारच्या घरातल्या माणसाला तीनला उठून होडी काढायची असते. एका डिसेंबरात पुण्याकडची एक मोठी गाडी पाणंदीतून थेट पुळणीवर उतरवली गेली. दोन्ही बाजूंचा गडगा खरवडून गेला, आणि गाडी वाळूत रुतली ती नेमकी वाळत टाकलेल्या जाळ्यावर. चाक जितकं फिरवावं तितकं जाळं त्याला गुंडाळत गेलं. ज्याचं जाळं होतं त्यानेच दोर आणून, चार माणसं जमवून गाडी बाहेर काढली आणि मग भरपाईची गोष्ट काढली. त्यावर गाडीवाला तरुण म्हणाला, "समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का?"

गावात हे वाक्य बरेच दिवस चघळलं गेलं. पोरं चिडलेली. मला मात्र वाटत राहिलं, की प्रश्न उर्मट असला तरी उत्तर सोपं आहे. नाही बाबा, आमच्या बापाचा नाही. तुझ्याही नाही. कोणाच्याच बापाचा नाही, म्हणून तर तिथे जायची वाट सगळ्यांना सोडून ठेवायची असते आणि जाताना दुसऱ्याचं जाळं तुडवायचं नसतं. पाहुणा माजोरी असेल तर त्याला चार शब्द सुनावता येतात, तो चार दिवसांनी जातो, पुढच्या वेळी पोलीस पाटलाला बोलावता येतं. हे भांडण तोंडावरचं आहे.

दुसरं भांडण आवाज न करता आलं. पाणंदीच्या खालच्या टोकाचं आगर विकलं गेलं. विकणारा आमच्यातलाच, मुंबईला स्थायिक, चार भावांच्या हिश्श्यांना कंटाळलेला. घेणारा शहरातला. प्रथम माडांना रंगीत पट्टे आले, मग चिरेबंदी कुंपण, मग कौलारू दिसणाऱ्या पण आतून थंडगार खोल्या. मी निवृत्त होऊन कायमचा गावी आलो तोवर पाणंद सुरूच्या झाडांआधीच संपायला लागली होती. तिथे लोखंडी गेट, गेटवर खासगी मालमत्तेची पाटी, आणि खुर्चीवर एक परप्रांतीय मुलगा.

एका सकाळी मी तिथे होतो. काकी, तीच सुकतीवाली, आता पाठीत वाकलेली, पाटी घेऊन आली. मुलगा उठून उभा राहिला, अदबीने म्हणाला, "अम्मा, किधर जाना है? बुकिंग है क्या?" काकीला बुकिंग कळलं नाही, पण गेट कळलं. "अरे झिला," ती म्हणाली, "माझो जल्म ह्या पाणंदीत गेलो. तू माका विचारतंस?" मुलगा गोंधळून मालकाला फोन लावत होता, तेवढ्यात मागून एक कुटुंब आलं. कोल्हापूरकडचं, नवरा-बायको, दोन मुलं, म्हातारी आई, हातात डबे आणि प्लास्टिकची चटई. रस्त्यावर एसटीतून उतरून चालत आलेलं. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. म्हातारी आणि काकी एकमेकींकडे पाहून हसल्या. समुद्र पन्नास पावलांवर होता, आवाज येत होता, आणि गेटच्या अलीकडे स्थानिक आणि पर्यटक अशी दोन्ही माणसं सारखीच उभी होती. शेवटी मी सगळ्यांना अर्धा किलोमीटर वळसा घालून दुसऱ्या पाणंदीने नेलं. चालताना कोल्हापूरच्या आजींनी काकीची पाटी घेतली.

तेव्हापासून 'स्थानिक विरुद्ध पर्यटक' ही विभागणी मला पटत नाही. वाट वापरणारे आणि वाट अडवणारे, अशी ती आहे. अडवणाऱ्यांत परका असतो, आणि त्याला जमीन देणारा आपलाही असतो.

कायदा याबाबत मुका नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. दोन हॉटेलं किंवा रिसॉर्ट यांच्यामध्ये किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी, असं तिच्या परिशिष्टात स्पष्ट होतं. वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसू नये, हेही त्यातच. गोव्यात दोनापावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर एका बड्या हॉटेलाने लोकांची पूर्वापार वाट अडवली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. किनारा ही सरकारने जनतेसाठी सांभाळायची ठेव आहे, सरकारही ती खासगी हातात देऊन टाकू शकत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे गोवा सरकारने भूसंपादन कायद्यातच दुरुस्ती करून त्या हॉटेलच्या बांधकामाला संरक्षण दिलं, हेही सांगितलं पाहिजे. निकाल मिळाला म्हणजे वाट मोकळी झाली असं नसतं.

आमच्याकडे प्रकरण न्यायालयात गेलं नाही. ग्रामसभेत आरडाओरडा झाला. तलाठ्याने गावनकाशा काढला, आणि त्यात ही पाणंद समुद्रापर्यंत दाखवलेली निघाली. आजोबांच्या गडग्याची जागाही तंतोतंत जुळली. रिसॉर्टवाल्याने समजुतीने घेतलं, म्हणजे कुंपणाला एक छोटं दार ठेवलं. ते सकाळी सातला उघडतं, संध्याकाळी सातला बंद होतं. मासळी सातची वाट पाहत नाही, हे त्याला अजून पटवून द्यायचं आहे. गणपतीला मात्र मोठं गेट पूर्ण उघडलं जातं आणि त्याचे पाहुणे फोटो काढतात.

इकडे येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवा आणि पाणंदीने पायी उतरा. कोणी अडवलं तर भांडत बसू नका, ग्रामपंचायतीत जाऊन ही वाट सार्वजनिक आहे का ते विचारा. तुमच्या विचारण्याने आम्हाला बळ मिळतं. आणि किनाऱ्यावरच्या आमच्या गाववाल्यांना सांगायचं ते हे. पाणंद नकाशावर आहे का ते आजच पाहून घ्या, पाणंद उघडी असतानाच. शेताकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण ती अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते.