मंगल फॉन्ट आला तेव्हा

विंडोज ९५ अमेरिकेत २४ ऑगस्ट १९९५ ला विक्रीला आलं. चंदीगडात आमच्या घरी ते यायला पुढचं वर्ष उजाडलं. त्या काळी सेक्टर २० मधल्या दुकानांतून संगणक जुळवून घ्यायचा. ‘सरजी, नाइंटी-फाइव डाल दें?’ असं दुकानदार विचारायचा आणि लगेच सांगायचा, की आठ एमबी रॅम हवी, चारवर रडतखडत चालेल. मग रॅमसाठी पैसे साठवायचे आणि रविवारी स्कूटरवर पुढे सीपीयू ठेवून निघायचं.

त्या एका बदलाने केवढं दिलं! डॉसमध्ये फाइलीचं नाव आठ अक्षरांत कोंबावं लागे, आता हवं तेवढं लांब लिहिता येऊ लागलं. खाली डावीकडे स्टार्टचं बटण आलं. शेजारचे सरदारजी ते दाबून बघायला सहकुटुंब आले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पलंग पुढे ओढला आणि चहा दोनदा झाला. नवं काही आलं की ते सगळ्यांनी मिळून बघायचं, हा त्या दिवसांचा रिवाज मला फार आवडायचा.

मराठी मात्र अजून बाहेरच उभी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घेतली तेव्हा साताऱ्याला आईला छापील पत्रं जाऊ लागली. पण तीच फाइल फ्लॉपीवर घालून भावाला पाठवली, की त्याच्याकडे तो फॉन्ट नसल्याने पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसे. सरदारजींचंही तसंच. ते असीस फॉन्टमध्ये गुरुमुखी टाइप करत आणि लुधियानाला त्यातलं अक्षरही वाचता येत नसे.

विंडोज २००० ने ही अडचण मुळापासून सोडवली. युनिकोडमधली देवनागरी संगणकाच्या आतच आली आणि ती दाखवायला मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवलेल्या आपल्या सुलेखनकाराने. मला ही सुधारणा आजवरच्या सगळ्या सुधारणांहून मोठी वाटते. पुढे एक्सपीत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मागेल तेव्हा सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा, की इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘आई’ असं लिहिता यायचं आणि ते भावाकडेही ‘आई’च दिसायचं. एक्सपीने गुरुमुखीही आणली. तिच्या फॉन्टचं नाव रावी. सरदारजींचं बालपण लाहोरला, रावीच्या काठी गेलेलं. ते नाव त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

आता नवं वैशिष्ट्य रात्री आपण झोपेत असताना येतं. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटमध्ये विंडोज १० ला मराठीचा फोनेटिक कीबोर्ड मिळाला, म्हणजे रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटते. जी इनस्क्रिप्ट कधी शिकली नाहीत, त्या माझ्या वहिनीसारख्या कितीतरी माणसांना त्याने लिहितं केलं. याचं मोल मी जाणतो. पण तो आला हे तिला वर्षभराने कळलं, तेही भाच्याकडून. तो बघायला कुणाच्या घरी कुणी गेलं नाही, आणि ती चुटपुट मला लागून राहते.

विंडोज ११ ने स्टार्टचं बटण मधोमध आणलं, त्याची सवय होईल. बोचतं ते वेगळंच. चार एमबीच्या जागी आता किमान चार जीबी लागते, हजार पटींहून जास्त; तेही समजून घेता येतं. पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर यादीत नाही, म्हणून ठणठणीत चालणारी यंत्रं बाद ठरली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चांगली वस्तू भंगारात काढणं चंदीगडने एकदा भोगलंय. वास्तुकार पिएर जानरेच्या काळातल्या सागवानी खुर्च्या इथल्या कचेऱ्यांनी भंगार म्हणून लिलावात काढल्या आणि परदेशात त्या लाखोंना विकल्या गेल्यावर सरकारला जाग आली.

माझा जुना संगणक मी भंगारात दिलेला नाही. सरदारजींच्या नातवाने त्यावर लिनक्स घालून दिलं. मराठी पहिल्याच दिवशी चालली, कुठली सीडी लागली नाही. प्रिंटर ओळखायला तेवढा वेळ लागला, म्हणून तो पोरगा जेवायला थांबला.