देशाआधी हप्त्याचा विचार
परदेशी शिक्षणाची चर्चा आपल्या व्यापारी घरांत बहुधा देशाच्या नावापासून सुरू होते. लिंबागणेशच्या माझ्या चुलतबंधूंच्या नातीने अमेरिका ठरवली होती आणि बंधू दुकानाची जागा तारण द्यायला निघाले होते. मी आधी हिशेब मांडला. २० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी एकदम उचलले, तर शिक्षणाची दोन वर्षे व नंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सरळ व्याजच ६ लाख होते. सवलत हप्त्याला असते, व्याजाला नव्हे. हे सांगता सांगता माझी नोकरी संपली!

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. तथापि व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधी दाखवावी लागते, आणि पुढे नोकरी शोधताना जर्मन भाषेवाचून अडते. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आपण मात्र कर्जाचा अर्ज आधी भरतो.

"नोकरी लागली नाही, तर हप्ता कोण भरणार, आजोबा?" नातीने विचारले.

"दुकान," बंधू म्हणाले.

त्याच दुकानावर तिच्या दोन काकांचे संसार चालतात. यंदा ती जर्मन शिकते आहे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरते आहे.