वहिनींची सही

जमिनीच्या वाटणीत बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, ही आमच्या कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली रीत. मीही केली. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, बंदुकीच्या वेळी मात्र गंगा उलटी वाहिली. दोघा भावांनी ना-हरकत लिहून दिली आणि बारा बोअरची दुनळी बदलापूरला माझ्या नावावर आली.

भावांचा मोठेपणा आहेच, पण कायद्यानेही हात दिला. दादाकडे पीक संरक्षणाची स्वतःची एक बंदूक आणि आजोबांची ठासणीची एक. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच. वारशाने आलेलीही त्यातच मोजायची. धाकट्याला पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती नको होती. दुकानदाराला विकू म्हटल्यावर आबा त्या रात्री जेवले नाहीत. "पोरीला द्या," एवढंच म्हणाले. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो, असं २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. आबा दोन्हीत बसत होते. त्याच कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना परवान्यातूनच सूट आहे, याचा त्यांना कोण हेवा!

मग कागद. बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दादा खेटे घालायचा, तेही रोप लावणीच्या दिवसांत. इकडे माझा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तांकडे, चौकशी स्थानिक ठाण्याची, फाईल उल्हासनगरच्या परिमंडळ चारमधून वर. प्रतिज्ञापत्रं उल्हासनगर कॅम्पातल्या नोटरीकडे केली. नवऱ्याचा जन्म अंबरनाथच्या आयुध निर्माणीत गेला, पण बंदुकीच्या परवान्याचा अर्ज त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला. साठीच्या उंबरठ्यावर मी बंदूक हाताळायचं प्रशिक्षणही घेतलं. आबांचा परवाना कर्नाटकापुरता, माझा महाराष्ट्रापुरता. मग सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बंदूक कुणाची? त्यासाठी वाहतुकीची लेखी परवानगी वेगळी.

या साऱ्या बाडात आबांची सही आहे, भावांची आहे, माझी आहे. वहिनींची कुठेच नाही.

आबांचे हात कापायला लागले तेव्हापासून बंदूक खरी सांभाळली ती वहिनींनी. खानापूरचा पाऊस म्हणजे लोखंडाचा वैरी; चार दिवस दुर्लक्ष झालं की तांबूस डाग. गोठ्यातलं आवरून त्या ओसरीवर बसत. आबा स्वतः नळ्या उतरवून त्यांच्यापुढे ठेवत आणि खाटेवर टेकत. वहिनी गजाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून आत-बाहेर करत. काळी निघाली की दुसरी, पांढरी निघेपर्यंत. मग नळी दाराच्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. आत गोल गोल कडी लखलखली पाहिजेत. आबा म्हणत, "डावी परत." वहिनी परत करत. लग्न होऊन आल्या तेव्हा भिंतीवरच्या त्या बंदुकीखालून जायलाही भ्यायच्या. बार त्यांनी आजतागायत एकही काढलेला नाही.

इकडे आल्यावर तपासणीला डीलरकडे नेली. त्याने नळ्या उतरवून दिव्याकडे धरल्या आणि विचारलं, "बाई, ही कोण बघत होतं?" मी म्हटलं, आमच्या वहिनी. त्याला वाटलं, वहिनींच्याही नावाचा परवाना असणार.

पुढच्या खेपेला वहिनींना पैठणी नेली. "एवढं कशाला, वन्सं? आबांचं काम म्हणून केलं," म्हणाल्या आणि ती लेकीच्या लग्नासाठी पेटीत ठेवून दिली. पैठणीने हे फिटणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. मागच्या वेळी आली, तशी मी आधी वहिनींना फोन लावला. किती दिवस तिथे पडून राहील, तेल किती लावू?

"हलकंच लावा, वन्सं. फार झालं की धूळ धरतं. आणि जमा केल्याची पावती जपून ठेवा, आबांची एकदा उंदरांनी खाल्ली होती."