जंजीर : एका बॉम्बशोधक श्वानाचे आयुष्य आणि निरोप

जंजीर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा. जन्म जानेवारी १९९२चा, मृत्यू १६ नोव्हेंबर २०००चा. पुरती नऊ वर्षेही त्याच्या वाट्याला आली नाहीत आणि त्यातली जवळजवळ आठ नोकरीत गेली. १९७३ साली आलेल्या अमिताभ बच्चन यांच्या चित्रपटावरून त्याचे हे नाव ठेवले गेले. अंगाने भुरकट सोनेरी असलेल्या या कुत्र्याइतकी ओळख महाराष्ट्रातल्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या पोलीस श्वानाला मिळाली असेल.

त्याचे शिक्षण पुण्यात, शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. लॅब्रेडॉर ही मुळात मासेमार आणि शिकाऱ्यांच्या हाताखाली वाढलेली जात. पाण्यात पडलेली वस्तू शोधायची आणि दातही न लावता मालकाच्या हातात आणून द्यायची, हा तिचा पिढीजात धंदा. माणसावर धावून जाण्यापेक्षा शोधण्यात तिला गोडी, म्हणून स्फोटकांच्या कामाला ती पसंत केली जाते. माणसाच्या नाकात गंध टिपणारे ग्राही साधारण पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींच्या घरात. आरडीएक्स या स्फोटकाचे स्वतःचे बाष्प अतिशय अल्प असते. त्याच्या घडणीत वापरलेल्या द्रावकांचा आणि मिसळलेल्या तेलकट पदार्थांचा वास मात्र मागे रेंगाळतो आणि कुत्रा बहुधा तोच धरतो. प्रशिक्षणात हा वास त्याच्या आवडत्या चेंडूशी जोडला जातो. वास सापडला की चेंडू मिळणार, एवढेच त्याला ठाऊक असते. समोर मृत्यू आहे हे हँडलरला, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या पोलिसाला कळते, कुत्र्याला नाही. सापडल्यावर भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, जागच्या जागी बसून हँडलरकडे पाहायचे, अशी शिस्त बॉम्बशोधक श्वानाच्या अंगी बाणवावी लागते. त्या एका बसण्यावर रस्ता मोकळा करायचा की नाही, हे ठरते.

२९ डिसेंबर १९९२ रोजी जंजीर पथकात दाखल झाला, तेव्हा त्याला वर्षही पुरे झाले नव्हते. मुंबईत डिसेंबरच्या दंगलीची राख निवली नव्हती आणि जानेवारीत शहर पुन्हा पेटले. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९९३च्या पहिल्या आठवड्यात, रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्री आरडीएक्स आणि शस्त्रे उतरवली गेली. ती टेंपोंतून मुंबईला पोचली. या उतरवणीकडे काणाडोळा करणारे पोलीस आणि कस्टमचे काही लोक पुढे न्यायालयात दोषी ठरले. नाकाबंदीची माणसे विकली गेली होती. जंजीरच्या पुढच्या कामाकडे हे लक्षात ठेवूनच पाहावे लागते.

श्रीवर्धन-म्हसळ्याकडून मुंबईला निघालेली वाट माणगावला महामार्गाला लागते आणि कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण करत पनवेलला जाते. नागोठणे हे या वाटेवरचे अंबा नदीकाठचे जुने गाव, पूर्वी धरमतर खाडीतून गलबतांची ये-जा असलेले. स्फोट म्हणजे काय, हे या गावाला मुंबईच्या आधीच कळले होते. नोव्हेंबर १९९०मध्ये इथल्या पेट्रोकेमिकल संकुलात वायुगळती होऊन भडका उडाला आणि कामगार मोठ्या संख्येने दगावले. पुढे मार्चमध्ये मुंबईत झालेल्या स्फोटांची बातमी रोहा-पेण पट्ट्यात कानाआड करण्यासारखी नव्हती. इथल्या घरोघरची माणसे नोकरीला मुंबईत होती आणि दारूगोळा उतरला होता तो याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारच्या दोन-अडीच तासांत मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. ज्या गाड्या आणि स्कूटर फुटल्या नव्हत्या, त्यांचा शोध त्यानंतर सुरू झाला. १५ मार्चला धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी जंजीरने स्फोटकांची खूण दिली. झवेरी बाजाराजवळची ही गल्ली अरुंद, दाटीची, दोन्ही अंगांनी दुकाने असलेली. अशा गल्लीत अत्तर, तेल, तळण, गटार आणि हजारो माणसांचा घाम असे सगळे वास एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातून एका गाडीच्या डिकीतला वास निवडायचा, तोही जेमतेम सव्वा वर्षाच्या कुत्र्याने. स्फोटके निकामी केली गेली. पुढे सिद्धिविनायक मंदिराच्या परिसरातल्या बेवारस सुटकेसांमधून रायफली, पिस्तुले आणि हातबॉम्ब निघाले, तेही त्याच्याच माग काढण्याने.

त्याच्या सेवेतल्या कामगिरीचा पोलिसांनी मांडलेला हिशोब असा : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. किलोंचा आकडा मोठा, म्हणून तोच पुन्हा पुन्हा छापला जातो. श्वानाची खरी मेहनत मात्र कशाच्याही आकड्यात बसत नाही, कारण काहीच न सापडलेल्या दिवसांची गणती कोणी करत नाही. निनावी फोन येतो, रेल्वेस्थानक किंवा शाळा रिकामी होते, कुत्रा बाक न् बाक हुंगतो आणि जागा सुरक्षित असल्याचे सांगितले जाते. मंत्र्यांच्या सभा, गणेशोत्सवाचे मंडप, विमानतळ यांची तपासणी हीच पथकाची रोजची नोकरी असते. काही सापडले नाही तर कुत्र्याचा उत्साह मावळतो. म्हणून हँडलर स्वतःच नमुना लपवून त्याला तो शोधू देतो आणि चेंडू फेकतो. अर्ध्या तासाच्या शोधानंतर सावली, पाणी आणि विसावा द्यावा लागतो, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. हे सगळे सांभाळणारा हँडलर त्याला आंघोळ घालतो, खाऊ घालतो, कानात गोचीड आहे का पाहतो. कागदावर श्वान सरकारी मालमत्ता असला, तरी त्याचे घर म्हणजे हा एक माणूस.

२००० साली जंजीर आजारी पडला. निदान हाडांच्या कर्करोगाचे झाले. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत हा रोग बहुधा पायाच्या लांब हाडात सुरू होतो. आधी नुसते लंगडणे, मग सूज, मग पाय टेकवेनासा होणे, आणि तोवर तो बहुतेक वेळा फुप्फुसांत पोचलेला असतो. जंजीरच्याही फुप्फुसांना अखेरीस सूज आली. परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात १६ नोव्हेंबरला त्याने प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी पोलीस इतमामात त्याचे दफन झाले. फुलांनी झाकलेल्या देहावर वरिष्ठ पोलीस अधिकारी वाकून पुष्पचक्र ठेवत आहेत, हे त्या दिवशीचे छायाचित्र पुढे जगभर फिरले. गणवेशातल्या अधिकाऱ्याने कुत्र्यापुढे वाकण्यात कोणाला अतिरेक वाटला असेल, तर तो वाटायला नको होता. ज्या किनाऱ्यावर माणसांनी पैसे घेऊन डोळे मिटले, तिथून आलेला माल या प्राण्याने एका चेंडूच्या मोबदल्यात शोधून दिला होता.

कुत्र्याच्या इमानाचे स्मारक रायगड जिल्ह्याला नवे नाही. किल्ले रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्याचा चौथरा आहे. होळकरांच्या देणगीतून तो १९३६ साली उभा राहिला. वाघ्याने महाराजांच्या चितेत उडी घेतल्याची कथा घरोघर सांगितली जाते. समकालीन कागदांत तिला आधार नाही, त्यावरून वाद होतात आणि २०१२ साली तर पुतळा काढून पुन्हा बसवावा लागला. जंजीरची गोष्ट अशा वादात अडकत नाही. तिला तारखा आहेत, जप्तीचे हिशोब आहेत.

नागोठण्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कामाचा कुत्रा आजही असतो, तो गावठी. भातकापणीनंतर वालाच्या शेतात रानडुकरे शिरू नयेत म्हणून तो रात्र जागतो, दिवसा पडवीत पाय ताणून झोपतो, जेवणाला पेज आणि माशाचे डोके. म्हातारपणी त्याची नजर जाते, ऐकू येईनासे होते, तरी अनोळखी पावलाला तो मान उचलतोच. गेल्यावर घरामागच्या वाडीत, आंब्या-फणसाच्या बुंध्याशी खड्डा खणून त्याला पुरतात, वर दगड ठेवतात. त्याला नोकरी सोडावी लागत नाही, कारण घर आणि कामाची जागा एकच असते. सरकारी श्वानाचे तसे नाही. काम सुटले की त्याचे राहणेही सुटते.

भारतीय सैन्यात कामाला निरुपयोगी झालेल्या श्वानांना दयामरण देण्याची रीत होती. २०१५ साली माहितीच्या अधिकारातून ती लोकांपुढे आली, टीका झाली आणि धोरण बदलावे लागले. मुंबई पोलिसांच्या श्वानांना याच सुमारास बरा मार्ग मिळाला. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरावर राहिले. तिथे पट्टा नव्हता, हुकूम नव्हता, पळायला मोकळे रान होते. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. टायगर गेल्यावर सीझर उदास राहू लागला, असे त्यांची देखभाल करणाऱ्यांनी सांगितले. ऑक्टोबरमध्ये हृदयविकाराने तोही गेला.

जंजीरला असा निवांत काळ मिळालाच नाही, आजाराने त्याला नोकरीतच गाठले. पुष्पचक्र आणि मानवंदना योग्यच होत्या, पण कामाच्या श्वानाचा निरोप त्याच्या मृत्यूपाशी सुरू होऊन चालत नाही. निवृत्तीची जागा, औषधपाणी आणि सांभाळणारा माणूस यांची तजवीज त्याच्या भरतीच्याच दिवशी कागदावर यायला हवी.