गोंगाट कोणता?

मुलगी पदवीधर होऊनहि आणखी दोन वर्षें काय शिकते, हा प्रश्न आमच्या घरांत अद्याप मिटलेला नाहीं. एम्. टेक्.च्या वर्गांतील ‘अंकीय संकेतप्रक्रिया’ हें नांव सांगून कोणाचेंच समाधान होत नाहीं. म्हणून मी सांगतें कीं, टेलिफोनमध्यें आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळां मोजतात. अशा आंकड्यांवर गणित करून हवें तें राखावयाचें व नको तें वगळावयाचें, हें आमच्या शास्त्राचें एक मोठें काम.

त्यांतील मला सर्वांत आवडलेली युक्ति १९६० सालची. स्टॅनफर्ड विद्यापीठांत बर्नार्ड विड्रो व त्यांचे विद्यार्थी मार्शियन हॉफ यांनीं स्वतःची चूक मोजून स्वतःलाच सुधारणारी चाळणी तयार केली. १९७५ सालीं विड्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचा एक हृद्य उपयोग दाखविला. गर्भवतीच्या पोटावर लावलेल्या तारांतून आईच्या व बाळाच्या, दोन्ही हृदयांचीं स्पंदनें नोंदलीं जातात. आईचीं ठळक, बाळाचीं क्षीण. छातीवरील तारांतून मात्र आईचींच येतात. त्यांवरून पहिल्या नोंदींतील आईचा अंश ओळखून वजा करावयाचा, आणि तो पुरता जाईपर्यंत गुणक थोडेथोडे बदलीत राहावयाचें. अखेर बाळाचें स्पंदन स्पष्ट दिसूं लागतें.

हें मीं मोठ्या उत्साहानें आजीला सांगितलें. ती म्हणाली, “म्हणजे आईचा जीव तो गोंगाट होय ग?”

मला हसूं आलें. पण त्या प्रश्नानें माझी पाठ सोडली नाहीं. गेल्या वर्षीं आजीला श्रवणयंत्र आणलें. एकसारखा येत राहणारा आवाज गोंगाट समजून तें दाबतें. त्यामुळें आमचें बोलणें तिला नीट कळूं लागलें. परंतु वाहता नळ आणि आधणाची उकळी तिच्या कानांतून गेली. साठ वर्षें तिनें स्वयंपाकघर कानांनीं सांभाळलें आहे. आतां तेथें जातांना ती यंत्र काढून ठेवते, आणि मग आमच्या हांका तिला ऐकूं येत नाहींत.

गणित वजाबाकी चोख करतें. परंतु कशांतून काय वजा करावयाचें, हें त्याला माणसानेंच सांगावें लागतें. माझा प्रबंध याच यंत्रांवर आहे. गोंगाट किती डेसिबेलनीं घटला, हें परीक्षक विचारतीलच. मीं मात्र माझ्या प्रश्नावलीच्या आरंभीं एक प्रश्न घातला आहे : ‘आपणांस काय ऐकावयाचें आहे?’ आजीचें उत्तर सर्वांआधीं आलें : नळ, आधण, आणि मग तुम्ही सगळीं.