आत्याचे जाते

परभणीला गाडीतून उतरलो तेव्हा उजाडलेही नव्हते. पुढे पाथरीमार्गे एसटी. गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात शिरलो तर दोन्ही बाजूंना ऊस. पण त्याला पाहून भुलू नये. याच जिल्ह्यातली माणसे दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात परक्याचा ऊस तोडायला जातात. वस्तीत दारोदार कुलपे, आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे.

आमची आत्या अशीच मागे उरलेली. लेक-सून फडावर. तिला मुंबईला आणावे म्हणून आम्ही दोघे निघालो होतो. वाटेत माजलगावचे भीमनगर पाहिले. बाहेरून पाहाल तर इतर वस्त्यांसारखीच वस्ती. पण 1996 साली इथल्या आयाबायांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून हे काम सुरू केले होते. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यात आले. गावोगावच्या 3 हजारांहून अधिक बायांच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. 2017 पासून ‘पारी’ने त्या सर्वांना ऐकायला खुल्या केल्या आहेत. भीमनगरच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, धम्म आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी बाबासाहेबांना घरचा माणूस करून टाकले, तेही पहाटेच्या अंधारात, दळता दळता. आमच्या साहित्य संमेलनांना हे कळायला फार वर्षे लागली.

आत्याकडे पोचलो. ‘जयभीम’ झाला, चहा झाला आणि ती गप्प. दिवसभर बोलायला कोणी नसले की माणसाची बोलायची सवयच मोडते. मुंबईचे नाव काढताच तिने मान हलवली. मग आम्ही मोबाईलवर भीमनगरची ओवी लावली. कानाला कमी ऐकू येते, म्हणून मोबाईल तिच्या कानाशीच धरला. थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “चाल बरी हाय. पर आमची अशी न्हवती.”

“मग कशी होती, आत्या?”

“जात्याबिगर कसं सांगू?”

जाते लिंबाखाली पालथे पडलेले. गिरणी आल्यापासून त्यावर कोंबड्यांचे पाण्याचे भांडे. आम्ही दोघांनी ते ओढून आणले, धुतले, वाळवले. खुंटा कुजला होता, तो शेजारच्या आजोबांनी नवा करून ठोकला. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या एक पाय लांब करून बसली, मूठभर ज्वारी टाकली आणि गायला लागली. आवाज कापत होता, पण चाल सुटली नाही. आधी आपल्या आईची ओवी, मग रमाईची. जातीच्या पाटलाची एक अशी निघाली की आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. पलीकडच्या दोन म्हाताऱ्या काठी टेकीत आल्या. एकीने दुसऱ्या बाजूने खुंटा धरला.

अकरा ओव्या झाल्या. पहिल्या चार मुद्रितच झाल्या नाहीत, बटण दाबायचे आम्हीच विसरलो. आत्याला सांगितले तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. उद्या परत दळू.”

मुंबईला ती आली नाही. आमचा मुक्काम मात्र दोन दिवस वाढला. त्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या. दाताखाली बारीक कचकच लागत होती.